मोहनकाट पद्धत

१ बहमन १३३४ फसली

सरकारी शाळा, म्हणून तारीख, महिना, सन सगळं सरकारी. आजपासून रोजनिशी लिहिणार. संकल्प एकच. रागावायचं नाही. मी, मोहनराव, ह्या शाळेचा सदर मुदर्रिस आहे. लोक हेडमास्तर म्हणतात. हेडमास्तराला राग शोभत नाही. छडी टेबलावर राहील, ती फक्त धाकासाठी.

दुपारी चौथीला अपूर्णांकाचा संक्षेप घेतला. आठ छेद बारा. पुस्तकात आहे तसं सांगितलं. आधी दोघांचा दृढभाजक शोधा, म्हणजे दोघांना भागणारी सगळ्यात मोठी संख्या. मग तिनं वरच्या अंशाला भागा, खालच्या छेदाला भागा. तासभर घसा फोडला. मग विचारलं, उत्तर काय? शहादेव नावाचं कार्टं उभं राहिलं आणि म्हणालं, "तीन वाट्यांतलं दोन वाटं की, मास्तर."

दृढभाजक न काढता! विचारलं, कुठून आणलंस हे? म्हणे, मनात केलं. मनात! मग सरकार पुस्तकं कशाला छापतं?

छडी मोडली. निर्गुडीच्या छड्या हल्ली फार कच्च्या येतात.

२ बहमन

रागावलो नाही. छड्या दोन मोडल्या.

गुंडप्पाला लेखी समज दिली. हा माझ्या हाताखालचा मुदर्रिस, पहिली-दुसरी सांभाळतो. बाप कडा गावच्या बाजारात किराणा विकतो, आणि मुलगा शाळेत तेच करतो. पोरांपुढे हरभऱ्यांचा ढीग ओततो आणि म्हणतो, निम्मे करा, परत निम्मे करा. तास संपला की पोरं हरभरे खाऊन टाकतात. ही शाळा आहे की भडभुंज्याचं दुकान? समज वाचून तो हसला आणि म्हणाला, "बरं मास्तर." त्याचं हे "बरं मास्तर" मला मुळीच खपत नाही.

४ बहमन

बीडहून पत्र. पुढच्या महिन्यात, ८ इस्फंदारला मुआयना. खुद्द मोहतमीम साहेब शाळा तपासायला येणार.

आष्टीच्या मोठ्या शाळेत हेडची जागा रिकामी आहे. आठ मास्तर हाताखाली, दगडी इमारत, घंटा वाजवायला शिपाई. साहेबांच्या मनात कोण असणार ते उघड आहे. मुआयन्यात चौथीनं संक्षेप फडाफड करून दाखवला की काम झालं. इथे चावडीच्या पडवीत, शेळ्या हाकलत, बारा वर्षं काढली. पुरे झालं.

फक्त ह्या ठोंब्यांना संक्षेप आला पाहिजे. आज पुन्हा आठ छेद बारा घेतलं. सगळ्या वर्गाला फक्त शहादेवचं उत्तर येतं आणि एकालाही रीत येत नाही. डोकं भणाणलं.

५ बहमन

आजची तारीख जपून ठेवावी लागेल.

पटावर किती मुलं ते पाहत होतो. चौसष्ट. त्यातली सोळा चौथीत. सहज लिहिलं, सोळा छेद चौसष्ट. पुस्तकी रीतीनं केलं, एक छेद चार आलं. आणि एकदम दिसलं. वर सहा आहे, खालीही सहा आहे. दोन्ही सहांवर काट मारली की वर एक राहतो, खाली चार. भागाकार नाही, दृढभाजक नाही, काही नाही!

योगायोग असेल म्हणून आणखी पाहिलं. एकोणीस छेद पंच्याण्णव. नवांवर काट, एक छेद पाच. बरोबर. सव्वीस छेद पासष्ट. सहांवर काट, दोन छेद पाच. बरोबर! एकोणपन्नास छेद अठ्ठ्याण्णव. तेही बरोबर. चार वेळा पडताळलं. आणखी पडताळत बसणं हा स्वतःवर अविश्वास झाला.

पद्धतीला नाव दिलं: मोहनकाट. ट्रेनिंग झालेल्या लोकांना जे सुचलं नाही ते इथे, ह्या पडवीत सुचलं.

७ बहमन, शुक्रवार, सुटी

वत्सलाबाईंना, म्हणजे आमच्या कुटुंबाला, मोहनकाट समजावली. पाटीवर बारा छेद चोवीस मांडून दाखवलं. दोनांवर काट. एक छेद चार. त्या सांडगे तळत होत्या. म्हणाल्या, "चोवीस सांडगे केले, बारा तुम्ही आत्ताच खाल्लेत. ते पाव झाले का?"

बायकांना गणितातलं तत्त्व कळत नाही. त्यांना सांडगे कळतात. रागावलो नाही. ताट सरकवून उठलो, इतकंच.

८ बहमन

वर्गात मोहनकाट सुरू केली. बारा वर्षांत पहिल्यांदा पोरं खूश. भागाकार नाही म्हटल्यावर टाळ्या वाजवल्या.

किरकोळ प्रश्न आले. आठ छेद बारामध्ये सारखा आकडा नाही, मग काय करायचं? सांगितलं, त्याचा संक्षेप होत नाही. तो अपूर्णांक हट्टी आहे, सोडून द्या. पंधरा छेद पंधरा? एकाला एक गेला, पाचाला पाच गेला. उरलं काय? काहीच नाही. शहादेव म्हणाला, "पंधरा भाकरीतल्या पंधराबी खाल्ल्या तर काईच खाल्लं न्हाई म्हना की." वर्ग हसला.

छड्या तीन. त्यातली एक तर नवी होती.

१० बहमन

शहादेवला बारा छेद चोवीस मुद्दाम घातलं. म्हणाला, अर्धं. मी म्हणालो, काट मार. त्यानं काट मारली, पाटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाव आलं मास्तर. पन हाय अर्धंच. आमच्या हिरीचं पानी चोवीस पहरातलं बारा पहर आमचं. ते अर्धं हाय. समद्या गावाला ठावं हाय."

विहिरीचा आणि गणिताचा संबंध काय? दिवसभर अंगठे धरून उभा केला. शेवटी "एक चतुर्थांश" म्हणाला. शिस्तीनं सगळं येतं.

मुआयन्याला हाच मुलगा पुढे उभा करणार. गावातला सगळ्यात अडेल पोरगा माझ्या पद्धतीनं सुधारला, हे साहेबांना दिसलंच पाहिजे.

१३ बहमन

गावानं आज माझी किंमत ओळखली. शहादेवची आई दगडाबाई आली. नवरा गेल्याला वर्ष झालं. विहीर तिच्यात आणि दीर धर्मराज ह्याच्यात सामाईक आहे. मोट दिवसाचे चार पहर चालते, सहा दिवसांची पाळी, असे चोवीस पहर. बारा तिचे, बारा दिराचे. आतापर्यंत सगळं तोंडी होतं. आता दीर कुरकुर करतो, म्हणून कागद हवा. म्हणाली, "तुमी लिवलं की कुनी काई बोलायचं न्हाई, मास्तर." खरं आहे. गावात शिक्का असलेला एकटा मीच.

धर्मराजलाही बोलावलं, तात्याबा पाटलांनाही. बाईंनी सांगितलं, चोवीसातले बारा. मी म्हणालो, इतकं लांबण सरकारी कागदावर शोभत नाही, संक्षिप्त रूप लिहू. लिहिलं: "सदर विहिरीचे पाणी १/४ दगडाबाई, बाकी धर्मराज." मोठ्यानं वाचलं. बाईंनी विचारलं, "तेवडंच हाय न्हवं, मास्तर?" मी म्हणालो, तेवढंच. संक्षेपानं किंमत बदलत नाही, हा तर गणिताचा पहिला नियम. पाटलांना चष्मा सापडत नव्हता, त्यांनी सही केली.

धर्मराजनं कागदाकडे बराच वेळ पाहिलं. चार यत्ता शिकलाय तो. इतक्या आनंदानं अंगठा उठवलेला माणूस मी पाहिला नव्हता. सही येत असून अंगठा उठवला, घाईत असावा.

१६ बहमन

धर्मराजकडून कोवळ्या हुरड्याची मोठी पाटी आली, वर गुळाची ढेप. म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारका शिकवनारा व्हायचा न्हाई." कदर करणारी माणसं अजून आहेत.

वत्सलाबाईंनी विचारलं, "ह्यानं कशाला पाठवलं?" म्हटलं, विद्येचा मान असतो. त्यांनी हुरडा गुंडप्पाच्या वर्गातल्या पोरांना वाटून टाकला. ह्या घरात माझा मान राखला जात नाही.

२० बहमन

हजेरी सत्तेचाळीस. थंडीमुळे.

शहादेव तीन दिवस नाही. मुआयन्याला अठरा दिवस राहिले आणि माझा मुख्य मुलगा गायब! स्वतः गेलो. कांद्याच्या वाफ्यांत घागरीनं पाणी घालत होता, ओढ्यावरून आणून. विचारलं, मोट असताना घागर कशाला? म्हणाला, "मोट काकाकडं गेलीया." इतकंच. पुढची घागर ओतली. मीही जास्त विचारलं नाही, उन्हात उभं राहवत नव्हतं. दुपारी शाळेत आला नाहीस तर नाव काढीन, असं बजावून आलो.

आला नाही.

२४ बहमन

दगडाबाई चावडीवर आली आणि भर वर्गात बोलली. म्हणे कागद झाल्यापासून दीर फक्त सहा पहर मोट देतो. "माजं सहा पहर कुटं गेलं, मास्तर? गहू पिवळा पडला. कांदा बसला. तुमी तर म्हनलं किंमत बदलत न्हाई."

मी शांतपणे सांगितलं, म्हणजे शांतपणे सुरुवात केली, की बाई, गणितात काही जात नसतं. गेलं असेल तर पहर मोजणाऱ्यानं चूक केली. ती म्हणाली, "पहर मोजाया सूर्व्या हाय की वर." माझा आवाज चढला. सूर्याला अपूर्णांक येतात का, असं विचारलं. ती वर्गातल्या फळ्याकडे पाहत राहिली. फळ्यावर सोळा छेद चौसष्ट होतं. मग गेली.

छड्या मोजल्या नाहीत.

२७ बहमन

हजेरी एकतीस. हुरड्याचे दिवस आहेत, पोरं शेतात जातात. दुसरं कारण मला दिसत नाही. गुंडप्पाला दिसतं. म्हणाला, "मास्तर, लोकं म्हनतेत, तुमी अर्द्याचा पाव करता. पोरं शाळंत धाडली तर घरातलंबी कमी व्हईल म्हनून भ्यालेत." मग हळूच म्हणाला, "बारा छेद चोवीस एकदा हरभऱ्यावर करून बगा."

त्याला दुसरी लेखी समज दिली.

तो गेल्यावर घरी दार लावून चोवीस हरभरे मांडले. बारा बाजूला काढले. दोन्ही ढीग सारखे दिसले. पण दिसण्यावर गणित चालत नाही. हरभरे लहानमोठे होते. खाऊन टाकले.

३ इस्फंदार

नवा संकल्प. मुआयना होईपर्यंत रागवायचं नाही, खरंच नाही. पोरांना चार उदाहरणं पाठ करून घेतली: सोळा-चौसष्ट, एकोणीस-पंच्याण्णव, सव्वीस-पासष्ट, एकोणपन्नास-अठ्ठ्याण्णव. दुसरी उदाहरणं देऊन उगाच वेळ घालवायचा नाही. शहादेवच्या घरी निरोप पाठवला की मुआयन्याला आला तर वर्षभर छडी लागणार नाही. कबूल झाला.

आष्टीच्या घराला परसदार आहे का, ह्याची चौकशी करायला हवी.

८ इस्फंदार

साहेब आले. शेरवानी, सोन्याची साखळी, सोबत पाटील. धर्मराजही मिरवायला आलेला. साहेबांनी हजेरी टिपून घेतली. चौथीचे दोघंच आलेले, पण चारही उदाहरणं त्यांनी केली. फळ्यावर काट, काट, काट. साहेबांच्या भुवया वर गेल्या. प्रत्येक उत्तर बरोबर! "वाह, मास्टरसाब," असं दोनदा म्हणाले. दोनदा. आष्टीची घंटा मला ऐकू येत होती.

मग साहेबांनी स्वतः खडू घेतला. कुणी सांगितलं होतं त्यांना? लिहिलं, बारा छेद चोवीस. आणि बोट केलं शहादेवकडे.

शहादेव उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. म्हणाला, "सायब, शाळंतलं सांगू का हिरीवरलं?"

साहेब म्हणाले, दोन्ही सांग.

"शाळंत पाव. हिरीवर अर्धं. पन आता हिरीवरबी पावच झालंय, मास्तरांनी कागुद लिवल्यापासनं. आई रोज ओढ्यावरनं पानी आनती."

धर्मराज निघायला लागला, पाटलांनी त्याला बसवलं. साहेबांनी कागद मागवला, वाचला. मला म्हणाले, करून दाखवा. मी केलं. दोनांवर काट मारली. एक छेद चार. माणसानं तत्त्व सोडू नये. साहेबांनी गुंडप्पाच्या खिशातून हरभरे काढवले, चोवीस मोजले, आणि शहादेवला म्हणाले, तुझे उचल. त्यानं बारा उचलले. धर्मराजला विचारलं, आता तुझे किती? धर्मराज खाली मान घालून म्हणाला, "बारा."

पाटलांनी सगळ्यांसमोर कागद फाडला. ह्या वेळी चष्मा लगेच सापडला. नव्या कागदावर अक्षरी लिहिलं: बारा पहर दगडाबाई, बारा पहर धर्मराज. लिहिलं गुंडप्पानं. शिक्का माझा, पण मला कुणी विचारलं नाही.

जाताना साहेब माझ्याजवळ थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्टरसाब, आपने एक बेवा का पानी काट दिया."

नीट ऐकू आलं नाही. आलं, बेवा म्हणजे विधवा हेही कळलं, पण ह्यावर मला आज काही लिहायचं नाही.

९ इस्फंदार

शांतपणे विचार केला. "वाह" दोनदा म्हणाले, हे विसरता कामा नये. चारातली चार बरोबर. पाचवं उदाहरण साहेबांनी अभ्यासाबाहेरचं दिलं. जगात काही अपूर्णांक मुळातच सदोष असतात, त्याला पद्धत काय करणार? गावानं विनाकारण गोंधळ घातला. दगडाबाई पहिल्याच दिवशी नीट बोलली असती तर! ती बोलली होती म्हणा. पण नीट नाही.

संतापानं जेवण गेलं नाही. वत्सलाबाईंनी अर्धी भाकरी ठेवली होती. पाव खाल्ली.

२१ इस्फंदार

बीडहून हुकूम आला!

पहिली ओळ वाचली आणि उडालो. साहेबांनी खुद्द सरकारी कागदावर माझी पद्धत वापरली आहे. हुकूम उर्दूत, पण आकडे स्पष्ट. पटावर चौसष्ट, हजेरी सोळा. खाली छेद, वर अंश, आणि दोन्ही सहांवर लाल शाईनं काट! समासात लिहिलंय, "मास्टरसाब के तरीके से जाँचा. जवाब सही आया." सरकारनं मान्य केली. वत्सलाबाईंना हाक मारली, गुंडप्पाला दाखवलं.

गुंडप्पाला उर्दू माझ्यापेक्षा बरी येते. त्यानं पुढच्या ओळी वाचल्या. शाळेची हजेरी चौथाई राहिली, म्हणून एक मुदर्रिस पुरे. हजर सोळांतली चौदा मुलं गुंडप्पाच्या वर्गातली, म्हणून गुंडप्पा इथेच. मोहनराव ह्यांची बदली चकलांब्याला, दुय्यम जागेवर, पहिलीच्या वर्गावर. तिथे अपूर्णांक नसतात. एक ते शंभर असतात.

गुंडप्पानं कागद घडी करून परत दिला. ह्या वेळी "बरं मास्तर" म्हणाला नाही. त्याचाच जास्त राग आला.

२६ इस्फंदार, वाटेत

काल पहाटे बैलगाडी निघाली. निरोपाला कोणी येणार नाही हे मला माहीत होतं, आणि बरंच झालं असतं. पण शहादेव आला. धुडक्यात बांधलेल्या चार भाकरी आणि पातीच्या कांद्यांची जुडी घेऊन. म्हणाला, "आईनं दिलंय. आमच्या वाफ्यातलं हाय. पानी परत चालू झालं तवा तगला थोडा." मी काहीतरी कडक बोलणार होतो. छडी सामानात बांधलेली, हात रिकामे. जुडी घेतली.

चकलांबा चोवीस कोस. आज उन्हं तापल्यावर एका नाल्याकाठी गाडीवान उत्तरेश्वरनं बैल सोडले आणि म्हणाला, "बारा कोस आलो, मास्तर."

वत्सलाबाई भाकरी मोडत होत्या. मान वर न करता, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "चोवीसातले बारा. म्हणजे वाट किती झाली हो?"

उत्तरेश्वर ऐकत होता. बैल रवंथ करत होते. कांदा कोवळा होता आणि गोड होता.

अर्धी, म्हणालो.